वेगवेगळ्या जातींची कासवं एकाच टाकीत ठेवावीत का?

सायली_नाशिक | ७ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन रेड इअर्ड स्लायडर आहेत, डोळ्यांमागे लाल पट्टा असतो ती. भाच्याची बदली झाली तेव्हा त्याची आमच्याकडे आली. टाकी साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एका टोकाला विटा रचून वर फरशीचा तुकडा ठेवलाय, त्यावर दिवा आहे, तिथे दोघं येऊन बसतात. मोठं साधारण पाच इंचांचं, दुसरं चार इंचांचं.

आता तीन प्रश्न एकदम आलेत. लहान कासव पोहत मोठ्याच्या तोंडासमोर जातं, पुढचे दोन्ही पाय सरळ ताणतं आणि नखं थरथर थरथर हलवतं. मोठं कधी मान आत घेतं, कधी तोंड वासून अंगावर जातं. हे भांडण की खेळ?

दुसरं, शेजारच्या बिल्डिंगमधले काका मुलाकडे कायमचे राहायला चाललेत. त्यांच्याकडे एक मस्क टर्टल आहे, मुठीत मावेल एवढं. ते आम्हाला द्यायचं म्हणतात. स्लायडरबरोबर राहील का?

तिसरं, परवाच्या पावसात निफाडजवळ आमच्या मळ्याच्या रस्त्यावर एक कासव सापडलं. पाठ गुळगुळीत, हिरवट तपकिरी, आणि पोटाकडून मागच्या पायांवर झाकणासारखे कातडीचे पडदे. दिरांनी टबात ठेवलंय. "तुमच्याकडे टाकी आहेच, घेऊन जा" म्हणतात. लेक तर सगळी एकत्र ठेवायला उतावीळ झालाय. जाणकारांनी सांगावं.

पाणवठा | ७ जुलै, रात्री १०:२५

सायलीताई, तिसऱ्याचं आधी सांगतो, ते थांबण्यासारखं नाही. वर्णनावरून ते फ्लॅपशेल आहे. आपल्या विहिरी, तळी, कालवे, भातखाचरं यांतलं नेहमीचं कासव. मागच्या पायांवरचे पडदे ही हमखास खूण. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते चिखलात रुतून पडून राहतं आणि पाऊस लागला की नवं पाणी शोधत जमिनीवरून चालू लागतं. रस्त्यावर दिसलं म्हणून ते चुकलेलं नसतं, त्याला कुठे जायचंय ते त्याला नीट ठाऊक असतं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, ते आहे. पाळणं, बाळगणं, नाशिकला आणणं, सगळंच गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी निदान तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. दिरांना सांगा, उद्या सकाळीच वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा. सापडलं त्याच परिसरातल्या पाण्यात त्याला परत सोडायला हवं, लांब नेऊन नाही. तोवर टबात पाणी बोट-दोन बोटंच असावं, टब सावलीत असावा. स्लायडरच्या पाण्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नका. आणि हात जपून, त्याची मान वाटते त्यापेक्षा खूप लांब मागे पोहोचते.

बाकी दोन प्रश्नांवर उद्या सविस्तर लिहितो.

शमा_ठाणे | ७ जुलै, रात्री ११:०२

नखांचं मी सांगते. लहान आहे तो नर, मोठी आहे ती मादी, आणि हे प्रियाराधन चाललंय. :) नराची पुढची नखं मादीच्या नखांच्या दुप्पट लांब दिसतात बघा. शेपूटही लांब आणि बुडाशी जाड असते. तो तिच्यासमोर उलटा पोहत नखं तिच्या गालांशी थरथरवतो. आमच्याकडे हेच चालायचं.

पाणवठा | ८ जुलै, सकाळी ७:५०

शमाताईंचं बरोबर आहे, पण त्याला "छान, संसार चाललाय" म्हणून सोडून देऊ नये. स्लायडरचा नर चार इंचांचा झाला की वयात येतो. मादी मात्र सहा-सात इंचांची होईपर्यंत वयात येत नाही. म्हणजे सायलीताईंची पाच इंचांची मादी अजून तयारच नाही आणि नर मात्र दिवसभर तिच्या मागे. मोकळ्या तळ्यात ती तीन वल्ह्यांत दूर निघून गेली असती. साडेतीन फुटांत जाणार कुठे? तोंड वासून अंगावर जाणं हा तिचा नकार आहे.

शिवाय अगदी लहान पिल्लंही नखं थरथरवतात, नर नरासमोरही करतात. तेव्हा त्याचा अर्थ दादागिरीच्या जवळ जातो. त्यामुळे एकटी ही खूण बघून काही ठरवू नका. त्यानंतर समोरचं कासव काय करतं ते बघा.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. कासवं ओरडत नाहीत, कुत्र्या-मांजरांसारखी झटापट करत नाहीत, म्हणून टाकीत सगळं शांत आहे असं आपल्याला वाटतं. मी पुण्यात एका बचाव केंद्रात रविवारी मदतीला जातो. तिथे येणाऱ्या कासवांच्या शेपटीचं टोक गेलेलं असतं, मागच्या पायाची नखं नसतात, पाठीच्या कडेला कुरतडल्याच्या खुणा असतात. आणि आणून देणारे प्रामाणिकपणे सांगतात, "दोघं मजेत होती हो, कधी भांडली नाहीत." त्यांनी पाहिलं तेव्हा खरंच भांडत नव्हती. एकाने हार मानलेली होती.

म्हणून अर्धा तास खुर्ची टाकून फक्त फरशीकडे बघत बसा, ऊन खायच्या जागेकडे. जे कासव आधी चढतं, दुसरं आलं की तोंड उघडतं, किंवा पुढच्या पायाने त्याला ढकलून पाण्यात पाडतं, त्याची सत्ता. जे दिव्याखाली यायचं टाळतं त्याच्या अंगाला ऊब मिळत नाही, खाल्लेलं पचत नाही, काही महिन्यांत पाठ मऊ पडू लागते. याच्या उलटही होतं. एखादं कासव चोवीस तास फरशीवरच बसलेलं असतं आणि घरचे म्हणतात, याला ऊन फार आवडतं. ते पाण्यात उतरायला घाबरत असतं.

एक मात्र घाबरण्यासारखं नाही. दिव्याखाली मागचे दोन्ही पाय हवेत ताणून, बोटं पसरून बसलेलं कासव दिसलं तर ते मजेत आहे. पायांच्या पडद्यांतून ऊब घेतंय ते.

कुणकेश्वरी | ८ जुलै, सकाळी ११:१५

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. आमच्या गावच्या घरी मागल्या दारी जांभ्याचा हौद आहे, बारा फूट बाय आठ फूट, कमरेएवढं पाणी. त्यात स्लायडर आणि पिवळ्या पोटाची अशी मिळून पाच कासवं कित्येक वर्षं आहेत. मध्ये दोन ओंडके टाकलेत, एका कडेला दगडांचा उतार आहे. मारामारी मी पाहिलेली नाही, शेपट्या सगळ्यांच्या शाबूत आहेत. वडील पालेभाजीचे देठ टाकतात तेव्हा सगळी एकदम येतात. तेव्हा एकत्र ठेवूच नये असं म्हणणं मला पटत नाही.

पाणवठा | ८ जुलै, दुपारी १:३०

तुमचं उदाहरण अगदी योग्य आहे, आणि ते का जमलं तेही तुमच्याच वर्णनात आहे. लाल कानाचं आणि पिवळ्या पोटाचं ही एकाच जातीची दोन भावंडं आहेत, दोन्ही ट्रॅकेमिस स्क्रिप्टा. एक मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, दुसरं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. आकार, खाणं, पाण्याचं तापमान सगळं सारखं. त्यांची आपसात पिल्लंही होतात. त्यात तुमच्याकडे पाणी भरपूर, चढायच्या जागा तीन. एकाने हाकललं तर दुसरा ओंडका आहे.

टाकीचा ढोबळ हिशोब कासवाच्या पाठीच्या दर इंचाला ४० लिटर पाणी असा धरतात. सायलीताईंच्या दोघांची पाठ मिळून नऊ इंच, म्हणजे साडेतीनशे लिटर तरी हवं. त्यांची टाकी काठोकाठ भरली तरी सव्वादोनशेच्या आत आहे, आणि काठोकाठ ती भरत नाहीच. मादी तर अजून वाढून दहा-अकरा इंचांपर्यंत जाऊ शकते.

मस्क टर्टल पूर्ण वाढलं तरी चार-पाच इंचांवर जात नाही. ते पोहणारं कासव नव्हे, तळाशी चालणारं. ओढ्याच्या तळाला दगडांखालच्या गोगलगायी, किडे शोधत फिरतं. स्लायडरला हवं खोल पाणी. याला असं पाणी हवं की मान उंच केली किंवा एखाद्या ओंडक्यावर चढलं की नाक वर आलं पाहिजे. खाणं टाकलं की स्लायडर वरच्या वर सगळं फस्त करतो, तळापर्यंत काही पोहोचत नाही. आणि हे मुठीएवढं कासवही गरीब नाही. रात्री तळाशी लोंबणारा स्लायडरचा पाय मिळाला तर चावतं, घाबरलं तर अंगाला उग्र वास सोडतं. दोघांचंही नुकसान. काकांकडून घ्यायचंच असेल तर त्यांची टाकीही बरोबर घ्या आणि ते वेगळंच राहू द्या.

रानपाखरू | ८ जुलै, दुपारी ३:१०

छान माहिती. मला एक विचारायचं होतं. नदीत तर इतक्या जातींची कासवं एकत्र असतात ना? आम्ही हिवाळ्यात चंबळला गेलो होतो. नावेतून बघितलं तर एकाच खडकावर मोठमोठी ढोंगोका कासवं आणि त्यांच्या पाठीवर चढून बसलेली छोटी टेंट टर्टल. छोट्याने चक्क मोठ्याच्या डोक्यावर पाय ठेवला होता आणि मोठ्याने डोळाही उघडला नाही. शेजारच्या वाळूवर मगर पडलेली. नावाडी म्हणाला, असंच असतं रोज. मग टाकीतच काय बिघडतं?

पाणवठा | ८ जुलै, सायंकाळी ६:०५

फार चांगला प्रश्न. त्या खडकावर ती फक्त ऊन खायला एकत्र येतात. पाण्यात उतरली की प्रत्येकाची वाट वेगळी. ढोंगोकाची मोठी मादी जवळजवळ शाकाहारी, प्रवाहात वनस्पती खाते. चित्रा हे मऊ पाठीचं कासव वाळूत स्वतःला पुरून घेतं, फक्त डोळे आणि नाक बाहेर, मासा जवळून गेला की मान झपकन बाहेर. फ्लॅपशेल काठच्या संथ, गढूळ पाण्यात. कुणी खोलात, कुणी उथळात, कुणी तळाशी. नदी त्यांना लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही देते, म्हणून खडकावरचं ते शेजार निभतं. टाकीत आपण फक्त खडक देतो आणि नदी काढून घेतो.

मऊ पाठीच्या कासवांचं वेगळं सांगायला हवं, कारण दुकानांत परदेशी सॉफ्टशेलची पिल्लंही विकायला ठेवलेली दिसतात. त्यांच्या पाठीवर कठीण खवले नसतात, नुसती कातडी असते. स्लायडरचं एक नख लागलं की ओरखडा, ओरखड्यात बुरशी. आणि तेच सॉफ्टशेल मोठं झालं की चाव्याने दुसऱ्याचा पाय तोडू शकतं. त्याला कुणाबरोबरच ठेवू नये.

इझारकाठ | ८ जुलै, रात्री ८:४५ (भारतीय वेळ)

मी म्युनिकला असते. इकडे हा प्रश्न कायद्यानेच मिटवलाय. युरोपियन युनियनने १९९७ मध्ये लाल कानाच्या कासवांची आयात बंद केली. पण दुकानदारांनी पिवळ्या पोटाची आणायला सुरुवात केली. शेवटी २०१६ मध्ये ट्रॅकेमिस स्क्रिप्टा ही सगळी जातच आक्रमक परदेशी प्राण्यांच्या यादीत गेली. आता विक्री नाही, प्रजनन नाही. ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांना ती मरेपर्यंत सांभाळायची मुभा आहे, बाहेर सोडायची नाही.

कारण वर पाणवठा यांनी फरशीबद्दल लिहिलंय तेच आहे. फ्रान्समध्ये संशोधकांनी इथलं युरोपियन पाणकासव आणि स्लायडर एकत्र तळ्यांत ठेवून पाहिलं. उन्हाच्या चांगल्या जागा स्लायडरनी बळकावल्या, स्थानिक कासवं कडेच्या जागांवर गेली. एकत्र ठेवलेल्या गटांत स्थानिकांचं वजन घटलं आणि मृत्यूही जास्त झाले. स्पेनमध्ये तर असं दिसलं की तिथली स्थानिक कासवं ज्या पाण्याला स्लायडरचा वास आहे ते पाणी टाळतात. मारामारीची गरजच पडत नाही. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, कारण इथल्या बागांमधल्या तळ्यांत ओंडक्यांवर बसलेली कासवं बहुतेक वेळा स्लायडरच असतात.

गोठेवैद्य | ९ जुलै, सकाळी ९:२०

पशुवैद्य म्हणून चार शब्द. जाती मिसळण्यातला जो धोका डोळ्यांना दिसत नाही तो रोगाचा. एका जातीच्या आतड्यात वर्षानुवर्षं निमूट राहणारे परजीवी दुसऱ्या जातीला आजारी पाडतात. नवं कासव, मग ते त्याच जातीचं असलं तरी, निदान दोन-तीन महिने वेगळ्या टाकीत ठेवा. जाळी, बादली, फिल्टर सगळं वेगळं. आधी जुन्यांचं काम उरका, मग नव्याचं, मग हात साबणाने धुवा.

पोहताना एका बाजूला कलंडणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास: न्यूमोनियाची शंका घ्या, त्याच दिवशी दाखवा. दबलेल्या कासवाला ऊब मिळत नाही आणि त्यालाच हे आधी होतं. सुजलेले डोळे बहुधा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे, नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढवलेल्या पिल्लांत हमखास दिसतात. मऊ पाठीचं कारण कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) यांची कमतरता. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन दिसायला ऊन असलं तरी त्यातला यूव्हीबी काच अडवते. यूव्हीबीचा वेगळा दिवा हवा, आणि तो पेटत असला तरी वर्षाच्या आत बदलायला हवा.

सायलीताई, नाशिकची थंडी लक्षात घ्या. पाणी २४ ते २७ अंश, दिव्याखालची फरशी ३२ ते ३५. हीटरला जाळीचं आवरण हवंच, कासवं तो फोडतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासव हाताळू देऊ नका. कासवांच्या अंगावरून माणसाला होणाऱ्या साल्मोनेला या जंतूच्या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे.

तुमची मादी वयात आल्यावर नर नसला तरी अंडी धरेल. तिला मातीचा कोरडा कोपरा मिळाला नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. त्याची तयारी आत्तापासून डोक्यात ठेवा.

मधुमालती६२ | ९ जुलै, सकाळी ११:४०

आमच्या ओळखीत एकांनी घरात लक्ष्मी नांदावी म्हणून स्टार कासव आणलं आणि स्लायडरच्याच टाकीत सोडलं. ते बुडून गेलं बिचारं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासवाला आपण हात लावून नमस्कार करतो, त्याच भावनेने लोक घरी आणतात. पण कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं.

पाणवठा | ९ जुलै, दुपारी १२:१५

मालतीताई, हे फार वेळा घडतं. स्टार कासव हे कोरड्या, काटेरी झुडपांच्या माळरानातलं, गवत-पाला खाणारं. त्याला पोहता येत नाही. पाणी प्यायला उथळ ताटली पुरते. २०१९ पासून ते सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्या कायद्याच्याही पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे ते घरात ठेवताच येत नाही. कुणाकडे असेल तर त्यांनी स्वतःहून वनविभागाशी बोलावं, रात्री गुपचूप कुठेतरी सोडून येऊ नये.

सायली_नाशिक | १० जुलै, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लॅपशेल परवाच वनरक्षक येऊन घेऊन गेले आणि नांदूरमधमेश्वरच्या बाजूला, मळ्यापासून जवळच सोडलं. दीर स्वतः बरोबर गेले होते. लेकाने व्हिडिओ दहादा पाहिला. पाण्याच्या काठावर ते क्षणभर थांबलं, मान लांब काढली आणि आत गेलं.

मस्क टर्टल काकांच्या टाकीसकट घेतोय, वेगळ्या खोलीत. राहिला प्रश्न दोन स्लायडरचा. काल रात्री फरशीकडे बघत बसले. तुम्ही म्हणालात तसंच आहे. मादी चढली की तो मागोमाग येतो आणि ती उतरते. तिच्या मागच्या पायावर एक जुनी जखमही दिसली. मोठी टाकी लगेच शक्य नाही. मध्ये काच टाकून दोन भाग केले तर?

पाणवठा | १० जुलै, रात्री ९:३०

भाग करा, पण पारदर्शक काच नको. पलीकडचं दिसत राहिलं तर तो दिवसभर काचेला धडका देत राहील आणि तिलाही चैन पडणार नाही. अपारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा घ्या, खाली-वर बारीक भोकं पाडा म्हणजे फिल्टरचं पाणी दोन्हीकडे फिरेल. पत्रा पाण्याच्या वर निदान वीतभर हवा, ती चढतात. मोठा भाग तिला. ऊन खायची जागा आणि दिवा दोन्हीकडे वेगवेगळा. हे तात्पुरतंच समजा. गच्ची किंवा अंगण असेल तर पाण्याची मोठी प्लास्टिकची टाकी आडवी कापून घेतलेली स्वस्तात पडते, काचेपेक्षा बरीच.

आणि कितीही अडचण झाली तरी स्लायडर गोदावरीत किंवा देवळाच्या कुंडात सोडायचे नाहीत. वीस-तीस वर्षं जगतात. तुमच्या दिरांनी जिथे फ्लॅपशेल सोडलं त्याच पाण्यातल्या उन्हाच्या जागा ते व्यापतील. केरळात वन संशोधन संस्थेने लोकांकडून नको झालेली स्लायडर गोळा करायचं काम हाती घेतलंय. आपल्याकडे सांभाळणं जमेनासं झालं तर बचाव केंद्राशी आधी बोलून, जागा आहे का विचारून मगच न्या.

गोठेवैद्य | १० जुलै, रात्री ९:५०

पायाची जखम जुनी असली तरी एकदा दाखवून घ्या. पाणी दिवसाआड तिसरा हिस्सा बदला, क्लोरीन उडालेलं पाणीच घाला.

कुणकेश्वरी | ११ जुलै, सकाळी ७:१०

सगळं वाचून काल वडिलांना फोन केला. आमच्या हौदाचं जादा पाणी पाटाने खालच्या ओढ्याला जातं आणि सध्या रोज धो धो पाऊस आहे. तोंडाला मासे अडवायची नायलॉनची जाळी आहे, ती कासव फाडेल ना? आणि भिंत पाण्यापासून जेमतेम हातभर उंच राहते.

पाणवठा | ११ जुलै, सकाळी ८:००

नायलॉन टिकणार नाही, नखांनी फाडतात. अर्ध्या इंचाची वेल्डेड लोखंडी जाळी चौकटीत बसवून तोंडाला लावा आणि पावसाळ्यात पालापाचोळा रोज काढा, नाहीतर जाळी तुंबून पाणी भिंतीवरून जाईल आणि कासवंही. भिंतीच्या वरच्या कडेला आतल्या बाजूने वाकलेली अर्ध्या फुटाची पत्र्याची पट्टी ठोका, त्यावरून त्यांना पलटी मारता येत नाही. अंडी घालायच्या दिवसांत माद्या बाहेर पडायचा प्रयत्न करतातच, त्यासाठी हौदाच्या आतच एका कोपऱ्यात वाळू-मातीचा वाफा करून द्या. आणि त्यात घातलेली अंडी उबवू देऊ नका.

कुणकेश्वरी | ११ जुलै, सकाळी ८:२०

जाळी आजच कापून घेतो. वाफा पाऊस जरा उघडला की.